आत्याची माती गोव्यातच द्यायची आहे: ऐन पावसात लिंगायत समाधीची तयारी कशी करावी?

माडाखाली

आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे लिंगायत, दोन पिढ्यांपासून फोंडा तालुक्यात. आत्या ८४ वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं आहे. माणूस असताना हे विचारणं जिवावर येतं, पण आमच्या वाड्यावर (वस्तीत) सगळे दहन करणारे, त्यामुळे ऐनवेळी शेजाऱ्यांना काय विचारणार? तिची इच्छा आहे की गावाकडे नेऊ नका, इथेच माती द्या, आणि बसवून द्या.

अडचणी अशा. आमच्याकडे दोन फूट मातीखाली जांभा लागतो आणि सध्या धो धो पाऊस आहे. तिचा धाकटा मुलगा दुबईत आहे, त्याला पोचायला किती वेळ लागेल सांगता येत नाही. बाकी पाहुणे गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वरहून येणार, साठेक माणसं. घरात हे पाहिलेलं जुनं माणूस आता कुणी उरलं नाही. खड्डा किती, काय काय आणून ठेवायचं, शरीर किती वेळ ठेवता येतं, कागद कुठले, हे जाणकारांनी सांगावं. भावनिक सल्ला नको, कामाचं सांगा.

कातळकाम

आधी जागा, मग खड्डा. गोव्यातल्या बहुतेक गावांत स्मशानभूमी म्हणजे दहनाची शेड आणि भोवती थोडी मोकळी जमीन. ती पंचायतीची असेल, कोमुनिदादीची (गावकीच्या सामाईक जमिनीची संस्था) असेल, नाहीतर एखाद्या देवस्थानाची किंवा समितीची. दहनाला कुणी आडकाठी करत नाही. खड्डा म्हटलं की प्रश्न सुरू होतात. म्हणून ‘चालेल हो’ या तोंडी शब्दावर राहू नका. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून आजच लेखी घ्या आणि जागेवर खुंटी मारून घ्या. स्वतःच्या भाटात (बागेत) पुरायचा विचार असेल तर पंचायतीच्या परवानगीशिवाय करू नका; शेजाऱ्याची एक तक्रार आली की काम अर्ध्यावर थांबतं आणि मयत अंगणात राहतं.

जागा निवडताना विहीर बघा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून सरळ उतरतं. विहिरीच्या किंवा झरीच्या वरच्या अंगाला खड्डा नकोच. खाजनाजवळची (खाडीकाठच्या सखल खारजमिनीजवळची) जमीन तर विसरा, पावसात तिथे दोन-तीन फुटांवर पाणी असतं. चढावरची, पाणी न साचणारी जागा घ्या.

माप: जुन्या रीतीने मयताच्या पावलाने नऊ पावलं लांबी आणि पाच पावलं रुंदी. पाऊल साडेनऊ इंच धरलं तर साधारण सात फूट बाय चार फूट होतं. खोली साडेपाच ते सहा फूट. उतरायला एका बाजूला पायरी ठेवायची आणि समोरच्या भिंतीत मयत बसवायला कोनाडा कोरायचा. कोनाडा अडीच फूट रुंद, अडीच फूट आत आणि साडेतीन ते चार फूट उंच. मांडी घालून बसलेल्या वयस्क बाईची उंची जमिनीपासून डोक्यापर्यंत अडीच ते पावणेतीन फूट भरते, वर हात फिरायला जागा हवी.

जांभ्यात कोनाडा उत्तम टिकतो, हा तुमचा फायदा. तोटा म्हणजे वेळ. पिकास आणि पहार घेऊन चार माणसं लागली तरी कातळात सहा-आठ तास जातात. जेसीबी वरचा थर काढून देईल पण कोनाडा त्याला जमत नाही, तो हातानेच, नाहीतर लहान ब्रेकरने. चिरेखाणीवर काम केलेली माणसं मिळाली तर ती घ्या, कडा सरळ निघतात. खाली कधी कधी जांभा संपून मऊ चिकण लागते. तिथे कोनाड्याचं छत धरत नाही. मग कोरायच्या भानगडीत न पडता तीन बाजूंनी चिरे (जांभ्याचे घडीव दगड) सुके रचायचे आणि वर कडाप्प्याची फरशी टाकायची. सिमेंटची बंद पेटी मात्र बांधू नका. तिच्यात पाणी शिरलं की बाहेर जायला वाट नसते.

पाऊस: खणायच्या आधी वर ताडपत्री बांधा, खणून झाल्यावर नव्हे. चढाच्या बाजूला वीतभर खोल चर मारून वाहतं पाणी वळवा. निघालेली माती उताराच्या बाजूला, काठापासून दोन फूट लांब टाका. काठावरच रचली तर तिच्या वजनाने कड आत येते. तळाच्या एका कोपऱ्यात फूटभर खोल खळगा ठेवा म्हणजे पाझर तिथे जमेल आणि पंपाने किंवा बालदीने उपसता येईल. एक एचपीचा पंप भाड्याने सांगून ठेवा. तळाशी पाणी दिसलं म्हणून लोक घाबरतात. ते उपसून चार-पाच घमेली खडी टाकली, वर माती दाबली की बसायला कोरडी जागा होते.

रुद्राक्ष

खड्ड्याचं वर आलंच आहे. मी शरीराचं सांगतो, कारण बसवून माती देताना खरी चूक तिथे होते आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही.

प्राण गेल्यावर ताठरपणा आधी पापण्या आणि जबड्यात येतो, मग हातपायांत. सुरुवात दोनेक तासांतच होते, साधारण बारा तासांत शरीर पूर्ण ताठ होतं आणि दिवस-दीड दिवसाने सुटू लागतं. गोव्याच्या उकाड्यात हे सगळं लवकर घडतं. म्हणजे डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पहिल्या दोन-तीन तासांत अंघोळ घालून बसवून घ्यायचं. पाहुण्यांची वाट बघत आडवं ठेवलं आणि संध्याकाळी मांडी घालायला गेलात तर गुडघा वळणार नाही. तेव्हा चार जण जोर लावतात आणि म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडतं. तसं करू नका.

क्रम असा ठेवा. डोळे मिटवणं, जबडा पट्टीने बांधणं, अंगठ्या-बांगड्या काढणं (हात नंतर सुजतात). मग अंघोळ, भस्म, धूतवस्त्र. पाटावर मांडी घालून पाठीमागे फळी, छातीवरून आणि कपाळावरून सुती पट्ट्या फळीला. गुडघ्यांखाली उशी दिली तर मांडी सुटत नाही. दोन्ही हात मांडीवर, डाव्या तळव्यात इष्टलिंग (दीक्षेत मिळालेलं, अंगावर धारण करायचं छोटं लिंग). इष्टलिंग गळ्यात आहे की करडीत (ते ठेवायच्या डबीत) की देवघरात ठेवलंय, हे आत्ताच बघून ठेवा. ऐनवेळी शोधाशोध होते ती याचीच.

आत्या बरेच दिवस अंथरुणाला असेल तर गुडघे आधीच आखडलेले असतील. खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर मांडी येणारच नाही. मग गुडघे उभे दुमडून किंवा पाय पुढे सोडून बसवा. कोनाड्याचं माप त्यानुसार बदलावं लागेल, खणणाऱ्याला आधी सांगा.

दुबईच्या मुलाचा प्रश्न. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोचत असेल तर बसवलेलं शरीर घरी ठेवता येतं: बंद खोली, एसी १८ वर, आणि पोटाशी व मांड्यांच्या बाजूला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. लादी थेट अंगाला नको आणि खाली परात हवी. पोट आधी बिघडतं, म्हणून बर्फ तिथे. त्याहून उशीर होणार असेल तर हट्ट सोडा आणि शवागारात ठेवा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), तसंच म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत शवागार आहे. तिथे ट्रे आडवे असतात, शरीर आडवंच ताठ होतं आणि थंडीत ताठरपणा जास्त वेळ टिकतो. बाहेर काढून शरीर सामान्य तापमानाला आल्यावर शवागारातला जाणता माणूस एकेक सांधा हळूहळू मोकळा करून देऊ शकतो. एकदा पूर्ण आलेला ताठरपणा असा सोडवला की परत येत नाही. पण ८४ वर्षांच्या हाडांना हे सोसेल याची खात्री कुणी देणार नाही. अशा वेळी अय्यांना (जंगमांना, म्हणजे आपल्या पुरोहितांना) विचारून आडवीच माती द्यावी, त्यात कमीपणा मानू नये. औषध टोचून टिकवलेलं शरीर तर मुळीच वळत नाही, तिथे प्रयत्नही नको.

सामान: विभूतीचे गड्डे (घरात असतील त्याच्या दुप्पट सांगा, गोव्यात पटकन मिळत नाहीत, बेळगावहून मागवा), बेल, रुद्राक्ष, नवं पांढरं वस्त्र, नारळ, कापूर, फुलं, जाड मीठ पन्नास किलोची दोन पोती. बेल सोमवारी तोडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीचा ओल्या फडक्यात ठेवलेला असू द्या. बेल धुवून पुन्हा वाहता येतो.

समाधीत उतरवायला दोन माणसं आत, दोन काठावर. तोंड पूर्वेला की उत्तरेला हे घराण्याच्या रीतीने. कोनाडा कुठल्या भिंतीत कोरायचा ते त्यावर ठरतं, तेव्हा खणायच्या आधी विचारा. बसवल्यावर पट्ट्या सोडायच्या, विभूती आणि मीठ भोवती भरायचं, मग प्रत्येकाने बेल आणि मूठमाती. खड्डा भरल्यावर अय्या वर उभे राहतात, त्यांची पाद्यपूजा होते, नारळ फुटतो. अंधाराच्या आत हे आटपायचं तर दुपारी तीनला घर सोडा.

जंगम गोव्यात हाकेच्या अंतरावर नसतात. बेळगाव-खानापूरकडचे दोन अय्या सांगून ठेवा, एक चोर्ला घाटाने येणारे आणि एक अनमोडने. पावसात एक घाट बंद पडला तर दुसरा हाताशी राहतो.

कातळकाम

रुद्राक्षजी, मिठावर माझं जरा वेगळं मत आहे. कोरड्या जमिनीत मीठ ओलावा ओढून घेतं, हे मान्य. पण आषाढात जांभ्यातून पाणी सतत झिरपतं, मीठ आठ-पंधरा दिवसांत विरघळून जातं. रीत म्हणून एक पोतं पुरे. त्या दुसऱ्या पोत्याऐवजी मऊ चाळलेली माती आणा, ती जास्त कामाची. कोनाड्याची पोकळी वीसेक घनफूट असते, म्हणजे चाळीस-पन्नास घमेली. खणून निघालेले जांभ्याचे ढेकूळ थेट अंगावर टाकले की आत पोकळ्या राहतात. पहिल्या मोठ्या पावसात वरची माती त्यांत उतरते आणि समाधीला भोक पडतं. मग कुत्री आणि वासाचा त्रास. खांद्यापर्यंत मऊ माती हाताने दाबून भरायची, ढेकूळ शेवटच्या तीन फुटांत.

एकूण दीड ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास माती परत जाते. खणलेली माती फुगते, त्यामुळे वर ढीग उरेल. तो नेऊ नका, फूट-सव्वा फूट उंच कासवपाठीसारखा दाबून ठेवा. पावसाळाभर तो खचत राहतो, दोनदा तरी माती घालावी लागेल. कट्टा किंवा लिंग बसवायचं ते पुढच्या उन्हाळ्यात. घाईने चौथऱ्यावर फरशा बसवल्या की दिवाळीला त्या तिरक्या झालेल्या दिसतात.

रुद्राक्ष

मऊ मातीचं पटलं. मिठाची दोन पोती मी रीतीच्या अंगाने म्हटलं, घरचे म्हातारे मोजतात. विभूतीत मात्र कपात नको.

शिक्का_सही

कागदांचं मी सांगतो, थोडक्यात, पण यात चूक केली तर नंतर सहा महिने खेटे पडतात.

घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण फॉर्म ४-ए वर द्यायचं असतं; इस्पितळात झाला तर फॉर्म ४. ज्यांनी कधी तपासलंच नाही ते डॉक्टर रात्री दोनला बोलावल्यावर सही करत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना याच आठवड्यात घरी आणून तपासून घ्या, त्यांच्या केसपेपरवर तारीख राहू द्या. पडून मार लागलेला असेल, खाटेवरून घसरलेली असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. अनैसर्गिक मृत्यूचा संशय आला की पोलीस पंचनामा आणि शवचिकित्सा आली, आणि मग बसवण्याची वेळ निघून गेली.

नोंद होते ती मृत्यू ज्या हद्दीत झाला तिथे, राहता पत्ता किंवा समाधी कुठेही असो. मुदत २१ दिवस. त्यानंतर विलंब शुल्क आणि स्वसाक्षांकित कागद, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पुरण्याच्या जागेची परवानगी आणि मृत्यूची नोंद हे दोन वेगळे कागद, एकावर दुसरं चालत नाही.

नाव आधारवर जसं आहे तसंच लिहून द्या. गोव्यात जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरं आणि जमिनीच्या उताऱ्यावर तिसरं, हे नेहमीचं. एका अक्षरासाठी बँक परत पाठवते. दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा. नावावर मालमत्ता असेल तर पुढे स्पेशल नोटरीकडे वारसाहक्काचा लेख करावा लागेल, २०१२ च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे. मुलांच्या बायकांची नावं आणि लग्नाचे दाखले तिथे लागतात, तेही जमवायला घ्या.

गावाला न्यायचं ठरलंच तर डॉक्टरांचं मूळ प्रमाणपत्र, मयताचं आणि सोबत्याचं आधार गाडीतच हवं, पंचायतीचं पत्र असेल तर उत्तम. नोंद तरीही गोव्यातच होणार.

पोफळी

विमानाचं (बसवलेलं मयत न्यायच्या सजवलेल्या तिरडीचं) कुणी बोललं नाही. बसवलेलं मयत शववाहिनीत मावत नाही, तिथे स्ट्रेचर आडवा असतो. उघडा टेम्पो सांगा, हौदा निदान सात फूट. विमान घरात बांधू नका. जुन्या घरांची दारं बुटकी असतात, आतून बाहेर निघत नाही. अंगणात मांडव घालून तिथे बांधा आणि आत्याला पाटासकट बाहेर आणा.

दोन आडव्या काठ्या नऊ फुटी, चार उभ्या पाच फुटी, बसायला फळी, पाठीला आडवी काठी. वर कमान करून केळीचे गबे आणि झावळ्या. उंची बसलेल्या डोक्यापेक्षा फूटभरच जास्त ठेवा, कारण टेम्पोवर चढवल्यावर वाड्यावरच्या विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या लागतात. एकदा रिकाम्या टेम्पोने वाट बघून या. उतरून चालायची वाट असेल तर आठ खांदेकरी आणि दोन बदली. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, चपला काढूनच चाला आणि वाटेवर आधी राख किंवा रेती मारा.

साठ माणसांच्या जेवणाला सहा-सात किलो तांदूळ, अडीच किलो डाळ, एक भाजी. घाटावरची माणसं रात्रीच परत निघतील असं धरू नका. आंबोलीत धुकं आणि दरडी असतात, निम्मी तरी मुक्कामाला राहतील. शेजारच्या दोन घरांना चटया, चादरी सांगून ठेवा.

माडाखाली

सगळ्यांचे आभार. जागेचं आज विचारलं. समितीचे लोक म्हणाले, खड्ड्याला हरकत नाही पण वर बांधकाम करायचं नाही, आणि जागा शेडच्या मागे नाल्याकडे देणार. नाल्याकडची घ्यावी का? दुसरं, वाड्यावरच्या बायका विचारतायत की सुतक किती दिवस पाळणार. आमच्यात पाळत नाहीत म्हटलं तर त्यांना विचित्र वाटलं.

कातळकाम

नाल्याकडची नको. भरपावसात नाल्याचं पाणी जिथवर चढतं त्याची खूण झाडांच्या बुंध्यावर, अडकलेल्या काटक्यांत दिसते. त्या खुणेपेक्षा समाधीचा तळ वर असला पाहिजे, नुसता काठ वर असून भागत नाही. म्हणजे खुणेच्या वर सहा-सात फूट चढ असेल तरच घ्या. नसेल तर त्यांना शेडच्या वरच्या कोपऱ्याची विनंती करा, बांधकाम करणार नाही असं आपणहून लिहून द्या. बहुतेक ठिकाणी भीती खड्ड्याची नसते, जागा कायमची अडेल याची असते. ओळख म्हणून एक चिरा उभा पुरून ठेवायची परवानगी मात्र त्याच पत्रात घ्या. दोन पावसाळ्यांनंतर तण माजलं की जागा सापडत नाही.

रुद्राक्ष

सुतकाबद्दल: पाच सुतकं न मानणं ही आपल्याकडची मूळ शिकवण, त्यात मृत्यूचंही आलं. माती दिल्यावर अंघोळ, पादोदक (अय्यांच्या पाद्यपूजेचं तीर्थ) आणि घर खुलं. तिसऱ्या दिवशी समाधीवर पूजा, पुढे शिवगणाराधनेचं जेवण, तारीख अय्यांशी ठरवा. पण शेजारी दहा-बारा दिवस तुमच्या घरचं पाणी घेणार नाहीत, त्यावरून वाद घालू नका. वाड्याच्या देवळात त्या काळात जाऊ नये असं त्यांना वाटत असेल तर न गेल्याने तुमचं काही बिघडत नाही. एकच करा: वाड्यावर कुणाचं देवकार्य ठरलेलं असेल तर त्यांना आधी जाऊन सांगा की आमच्याकडे अशी रीत आहे, तुमच्या सोयीने कळवा. आणि सुतक नाही म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून चूल पेटवावी लागते, घरातल्या बायकांना उसंत मिळत नाही. त्याचा बंदोबस्त पोफळीताईंनी सांगितलेल्या तांदूळ-डाळीबरोबरच करा. तीन दिवस स्वयंपाकाला बाहेरची बाई लावा.

शिक्का_सही

समितीचं पत्र पंचायतीच्या सचिवांकडे एक प्रत देऊन पोच घ्या. समितीवरची माणसं बदलतात.